करी रोडच्या वहिनींचा डबा : रिव्ह्यू, हिशोब आणि थोडी कुरकुर

आधीच सांगून टाकते, वहिनींचं नाव आणि नंबर इथे मिळणार नाही. त्यांनीच सांगितलंय नको टाकू म्हणून, त्यांचे चाळीस डबे होतात आणि चाळीसच्या चाळीस भरलेत. मग रिव्ह्यू कशाला, असं कोणी विचारेलच. तर लोअर परळला, आमच्या साइडला ऑफिस असलेले निम्मे लोक मला विचारत असतात की तू डबा कुठून घेतेस गं, आणि दुसरं म्हणजे ऑफिसातल्या दोघी आणि माझी एक मावसबहीण, या सगळ्यांच्या डोक्यात सध्या घरून डबे सुरू करायचं भरलंय, त्यांना फोनवर तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहितेय.

तर डबा. व्हेज ११० रुपये, त्यात तीन चपात्या, एक सुकी भाजी, आमटी किंवा उसळ, भात, आणि बाजूला जे काय असेल ते, कधी कोशिंबीर, कधी लोणचं, कधी नुसती कांद्याची फोड आणि लिंबू. भात नको असेल तर ९०. शुक्रवारी मासे, १८०. बस, मेनू एवढाच. चॉइस वगैरे काही नाही. रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याचं काय ते येतं, भेंडी आवडत नसेल तर ती तुमची अडचण, त्या दिवशी डबा बंद ठेवा. बंद ठेवायचा तर आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं. आठ वाजून पाच मिनिटांनी मेसेज केला तर डबा येतो आणि पैसेही लागतात, यावरून ग्रुपवर एकदा एका साहेबांनी बराच वाद घातला होता, वहिनींनी उत्तर दिलं "भाजी आठ वाजता सांगितलेली असते दादा" आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी साहेब गपचूप डबा खात होते.

पैसे महिन्याचे आगाऊ. हे बऱ्याच लोकांना खटकतं, मलाही आधी वाटलं होतं की चव बघायच्या आधी अख्ख्या महिन्याचे कशाला द्यायचे, पण पहिला आठवडा ट्रायल असतो, रोजचे रोज पैसे देऊन खा, पटलं तर पुढे. आगाऊ का घेतात याची एक गोष्ट आहे, ती पुढे येईल.

चव मालवणी, कणकवलीकडची. म्हणजे सरसकट तिखटजाळ नाही, हा लोकांचा उगाच समज असतो. मसाला त्यांच्या गावाहून मे महिन्यात येतो, वर्षाचा, आणि वाटपाला ओला नारळ असतोच असतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं ज्या दिवशी असतं त्या दिवशी आमच्या मजल्यावरचे घरून डबा आणणारे लोकसुद्धा वाटी पुढे करतात. कुळथाची पिठी पावसाळ्यात, गरम भाताबरोबर, बाकी काही नसलं तरी चालेल. फणसाच्या सीझनला कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, जुलैत टाकळ्याची पालेभाजी, आणि हो, दुधी भोपळ्यासारख्या भाजीला पण त्या चण्याची डाळ आणि खोबरं घालून अशी काहीतरी करतात की दुधी म्हटल्यावर नाक मुरडणारी मी डबा चाटूनपुसून साफ करते. याआधी मी ज्यांचा डबा लावला होता तिथे (नाव नको) रोज तीच लाल ग्रेव्ही, सोमवारी त्यात पनीर, मंगळवारी मटार, बुधवारी बटाटा. दोन महिन्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू झाल्या. वहिनींकडचं जेवण रोज जेवता येतं, त्यांच्या डब्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. हॉटेलचं जेवण पहिल्या दिवशी भारी लागतं, रोजचा डबा महिन्याच्या विसाव्या दिवशीही खावासा वाटला पाहिजे.

शुक्रवारचा मासे डबा वेगळाच. बांगड्याचं तिखलं, किंवा सुरमई महाग नसेल तेव्हा सुरमईची एक तुकडी तळलेली आणि कालवण, छोट्या बाटलीत सोलकढी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ताजे मासे एकतर मिळत नाहीत नाहीतर मिळतात ते बर्फातले आणि भाव विचारायची सोय नाही, त्या काळात शुक्रवारी सुका जवळा, सुकट, खारा बांगडा. काही लोक तक्रार करतात की सुक्याला पण १८० कसे. मला सुकं जास्त आवडतं म्हणून मी गप्प, पण खरं सांगायचं तर जवळ्याच्या दिवशी वीस रुपये कमी करायला हरकत नव्हती. श्रावणात मासे बंद, आणि गणपतीत दहा-बारा दिवस डबाच बंद. वहिनी गावाला जातात. यात चर्चा नाही, कोकणातल्या माणसाला गणपतीत थांब म्हणणं म्हणजे काय ते मुंबईत कोणाला समजावायची गरज नाही.

आता कुरकुर. सोमवारची डाळ पातळ असते. नेहमी. मी विचारलं पण, तर म्हणाल्या रविवारी सगळे चापून खातात म्हणून सोमवारी हलकं. असेल बाई. पण हलकं आणि पाणी यात फरक असतो. दुसरं म्हणजे तेल, सुक्या भाजीला ठीक आहे पण बटाट्याच्या काचऱ्या असल्या की डब्याच्या तळाला तेल दिसतं. तिसरं, तीन चपात्या आमच्या ऑफिसातल्या पोरांना पुरत नाहीत, जास्तीची एक चपाती ८ रुपयाला, ती आदल्या दिवशीच सांगायची. आणि चौथं, खालच्या कप्प्याचं झाकण. स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा आहे, क्लिप चांगली आहे, पण काही डबे जुने झालेत, त्यात आमटी वरच्या कप्प्यात चढते आणि भाताला पिवळी किनार लागते. बदलून मागितला की लगेच देतात हे मान्य, पण मागावा लागतो.

डब्याचे ३०० रुपये डिपॉझिट. तुमच्या नावचे दोन डबे असतात, आजचा भरलेला आला की कालचा रिकामा जातो. धुऊन द्यायची सक्ती नाही पण विसळून द्या राव, माणसं कालचं खरकटं तसंच परत पाठवतात, लाज वाटते. प्लास्टिकचे कंटेनर त्यांनी कधीच वापरले नाहीत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, मग १ जुलै २०२२ पासून देशभर ते एकदा वापरून फेकायचे चमचे-प्लेटा बंद झाल्या, तेव्हा बाकीच्यांची धावपळ झाली असेल, यांना काही फरक पडला नसता. शिवाय रोजच्या चाळीस कंटेनरचा खर्च वाचतो तो वेगळा.

हा खर्च म्हणजे माझा आवडता विषय, मी अकाऊंट्समध्ये आहे त्यामुळे राहवत नाही. एक दिवस वहिनींच्या घरी बसून मी त्यांचा हिशोब मांडून दिला होता, त्यांची हरकत नाही म्हणून इथे सांगते. ११० च्या डब्यात किराणा आणि भाजी मिळून ४५ च्या आसपास जातात. चपात्या त्या स्वतः लाटत नाहीत, शेजारच्या खोलीतली एक ताई सकाळी येते, पीठ यांचं, लाटणं-भाजणं तिचं, एका चपातीमागे ४ रुपये, म्हणजे डब्याला १२. पोचवणाऱ्या मुलाचे डब्यामागे १०. गॅस डब्याला ५, साबण, मीठ-मसाला, पेपर, फुटकळ २. झाले ७४. उरले ३६. चाळीस डबे, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ८८० डबे, साधारण एकतीस-बत्तीस हजार. ऐकायला बरं वाटतं ना? आता यातून कोणाचा डबा हरवला, कोणी महिन्याच्या मध्ये नोकरी सोडली आणि पैसे परत मागितले, टोमॅटो शंभरी पार गेला, मिक्सर जळला, हे वजा करा. हातात पंचवीस-सव्वीस. आणि त्यासाठी पहाटे पाचला उठणं, दुपारी डबे आले की घासणं, संध्याकाळी दादरला भाजी. दादरला सेनापती बापट मार्गावर सकाळी लवकर गेलं तर घाऊक मिळतं, पण सकाळी लवकर तर त्या गॅससमोर असतात, त्यामुळे संध्याकाळी उरलेला माल घासाघीस करून. मावसबहिणीला मी हेच सांगितलं की तू फक्त डब्याची किंमत गुणिले चाळीस असा हिशोब करतेयस, तुझ्या कमरेचा हिशोब कुठाय त्यात.

आणि तो ३६ चा आकडा सुद्धा चपातीवाली ताई आणि पोचवणारा मुलगा आहे म्हणून जमतो. हे दोघं नसतील तर चाळीस सोडा, पंधरा डब्यातच माणूस आडवा होईल. सुरुवात करताना सगळ्याजणी भाजी कोणती करू, नाव काय ठेवू, लोगो कसा करू याचा विचार करतात. साडेबारा ते एक या अर्ध्या तासात चाळीस डबे चाळीस टेबलांवर कोण पोचवणार याचा विचार कोणी करत नाही. भूक साडेबाराची असते हो, दीडला पोचलेला डबा कितीही भारी असला तरी शिव्या खातो.

वहिनींचं घर डिलाईल रोडच्या बाजूला, गिऱ्हाईक बरंचसं पुलापलीकडे, कमला मिल, फिनिक्स, त्या पट्ट्यात. लोअर परळचा तो पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला, मधली वर्षं इथल्या लोकांनी कशी काढली ते त्यांनाच माहीत. वहिनींनी धंदा सुरू केला तो लॉकडाऊननंतर, तेव्हा पूल बंदच होता, म्हणून पहिली काही वर्षं डबे फक्त अलीकडच्या ऑफिसांना आणि आजारी म्हाताऱ्या माणसांना जायचे. पूल झाल्यावर मुलगा सायकलवर पलीकडे जायला लागला आणि वीसचे चाळीस झाले. धंदा वाढला तो पुलामुळे, इन्स्टाग्रामवर रील टाकून नाही. जोरदार पाऊस असला की मात्र उशीर होतो, हिंदमाताला पाणी भरलं की अख्ख्या परळचा ट्रॅफिक कुठल्या कुठे जातो, त्या दिवशी सव्वा-दीड वाजतो. ग्रुपवर मेसेज येतो आधीच, एवढं तरी आहे.

फोर्ट, नरिमन पॉइंटचे लोक विचारतात, डबेवाल्यांकडून पाठवा की. १८९० पासून चाललेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था आहे, झाकणावरच्या खुणा बघून बरोबर टेबलावर डबा जातो, कौतुक आहेच. पण डबेवाला सकाळी नऊ-साडेनऊला दारात येतो. म्हणजे डबा नऊला भरून तयार हवा, म्हणजे उठायचं चारला, आणि जेवणारा जेवणार एकला. वहिनींनी थोडे दिवस करून बघितलं, चार-पाच डबे जायचे, मग सोडून दिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माका जमाचा नाय."

हे "जमाचा नाय" त्या फार सहज म्हणतात आणि माझ्या मते त्यांचा डबा चांगला राहण्याचं कारण तेच आहे. एका कंपनीने रोजचे शंभर डबे मागितले, नाही. कोणी वाढदिवसाची बिर्याणी मागितली, नाही. जैन डबा, डाएट डबा, कीटो की काय तो डबा, नाही. एका डिलिव्हरी अ‍ॅपवर त्यांच्या पुतण्याने नाव घालून दिलं होतं, तिथे कमिशन कापून, वर डिस्काउंट द्या म्हणून मागे लागणं, आणि ऑर्डर कधी पावणेदोनला एक, अडीचला एक, म्हणजे दिवसभर गॅस चालू ठेवायचा. महिन्याभरात बंद केलं. मी एकदा म्हटलं, अहो पन्नास तरी करा, माझ्या मैत्रिणीला पाहिजे. तर म्हणाल्या, "चाळीसाच्या वर नको गो बाय, मोठा टोप आणूक लागतलो, मग चव जाता." टोपाचं बरोबर आहे, वाटप दुप्पट केलं म्हणून आमटी दुप्पट होत नाही, मोठ्या टोपात कांदा परतला जात नाही, शिजतो, आणि तिथेच घरच्या आणि कॅन्टीनच्या आमटीत फरक पडतो.

आता आगाऊ पैशांची गोष्ट. वहिनींच्या सासूबाई खाणावळ चालवायच्या, याच भागात, गिरणी कामगारांसाठी. दोन वेळचं जेवण, पगार झाला की पैसे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या, भांडवल सावकाराकडून, व्याज भरता भरता जीव जायचा, म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हे आज होम शेफ, क्लाउड किचन म्हणतात ना, या एरियात ते तेव्हाच होतं, फक्त अ‍ॅप नव्हतं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आज मिटेल उद्या मिटेल करत कामगार जेवत राहिले, पगार बंद, नाही कोणाला म्हणायचं, सगळे गाववालेच. हळूहळू एकेक जण गावाला निघून गेला, आणि उधारीची वही तशीच राहिली. सासूबाईंनी दागिने मोडून वाण्याचे पैसे दिले. त्यामुळे या घरात उधारी नाही म्हणजे नाही, आमच्या एमडींनी जरी डबा लावला तरी एक तारखेला आधी पैसे. मला हे कळल्यापासून मी ३० तारखेलाच जीपे करून मोकळी होते.

कागदपत्रांचं पण सगळ्या विचारतात. घरून डबे विकायचे तरी एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं, "घरगुती आहे, चालतं" असं काही नसतं. पण छोट्या धंद्याला मोठं लायसन्स नाही, साधं रजिस्ट्रेशन, फॉस्कॉस नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. वहिनींना फी पडली वर्षाला १०० रुपये. एजंट यासाठी दोन-अडीच हजार मागतात, देऊ नका. १४ आकडी नंबर मिळतो, तो वहिनींनी ग्रुपच्या डीपीवर टाकलाय. गॅसचं मात्र लोक सर्रास चुकवतात. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरायला बंदी आहे, निळा, १९ किलोचा कमर्शिअल घ्यावा लागतो. महाग पडतो म्हणून टाळतात, पण चाळीतली खोली, उद्या काही झालं तर पहिला प्रश्न तोच येणार. आणि शेजारी! फोडणीचा वास रोज पहाटे सहाला कोणाला आवडेल? वहिनींनी एक्झॉस्ट बसवलाय आणि दोन्ही बाजूच्या घरांना शुक्रवारी कालवण जातं, एनओसी म्हणा त्याला.

स्वच्छतेबद्दल मी जे बघितलं ते सांगते. भात सगळ्यात शेवटी, साडेदहानंतर, आणि परातीत पसरून वाफ जाऊ देतात मग भरतात, चपात्याही गार करून फडक्यात. वाफ कोंडली की चपातीला पाणी सुटतं आणि भात आंबूस होतो. शिजलेलं अन्न ६० अंशाच्या खाली आलं की जंतू वाढायला लागतात, भात तर त्यात फार नाजूक, म्हणून तेवढं गार झाल्यापासून दोन तासांच्या आत संपलं पाहिजे असं मानतात. साडेअकराला भरणं, एकला खाणं, म्हणजे भरल्यापासून दीड तास. कालचं काही आजच्या डब्यात येत नाही, हे मी छातीठोक सांगते, कारण उरतच नाही, मोजून करतात. रात्री आठची डेडलाइन त्यासाठीच. मे महिन्यात ओल्या खोबऱ्याची चटणी बंद असते, कोणी मागितली तरी देत नाहीत.

आमच्या इथे एक थाळीवाला आहे मिल कंपाऊंडमध्ये, एसी, जीएसटी धरून साडेचारशेच्या खाली बाहेर पडता येत नाही. त्याच्याशी तुलना करायला गेलं तर वहिनींचा डबा दिसायला काहीच नाही. कोथिंबीर भुरभुरलेली नसते, फोटो काढण्यासारखं काही नाही, भाजी तपकिरी, आमटी तपकिरी. ज्यांना रोज काहीतरी वेगळं, चटपटीत, चीज वगैरे हवं त्यांनी लावूच नका, दोन आठवड्यात कंटाळाल आणि उगाच एक जागा अडवाल.

जागा हा प्रश्न आहेच. कोणी नोकरी बदलली, कोणी लग्न होऊन विरारला गेली की एखादा डबा सुटतो, तो आधी ग्रुपवरच्या लोकांच्या ओळखीत जातो. तुमच्या ऑफिसात कोणाच्या टेबलावर लाल दोऱ्याची गाठ बांधलेला स्टीलचा डबा दिसला तर त्यांनाच विचारा. नंबर लागलाच तर पहिल्या दिवशीच भात अर्धा सांगा, पैसे तेवढेच राहतात पण बदल्यात एक चपाती जास्त येते, हे त्या आपणहून सांगत नाहीत. डबा नवा मागून घ्या. आणि शुक्रवारचे मासे हवे असतील तर बुधवारीच नाव द्या, गुरुवारी संध्याकाळी विचारलंत तर तुमच्या डब्यात मुगाची उसळ.